नकार द्या, पण कागदावर

वीजबिल थकलं म्हणून महावितरणला कुणाचंही कनेक्शन थेट तोडता येत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. सातबाऱ्यावरची नोंद बदलायची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठी चावडीवर प्रत लावतो, हितसंबंधितांना लेखी कळवतो, हरकत आली तर मंडळ अधिकारी सुनावणी घेतो, आणि निकाल पटला नाही तर प्रांतांकडे अपील असतंच. अर्ध्या गुंठ्याच्या बांधापायी आपल्याकडे दोन-दोन पिढ्या तारखांना जातात आणि महसूल खात्याला त्यात काही वावगं वाटत नाही. कागद निघतात, तारखा पडतात, निकाल लिहिले जातात.

त्याच खात्याच्या तहसील कार्यालयात एक टेबल संजय गांधी निराधार योजनेचं असतं. एखाद्या विधवेचे महिन्याचे दीड हजार रुपये बंद व्हायला मात्र यातलं काहीच लागत नाही. ती बँकेत जाते, पासबुक भरून घेते आणि या महिन्याची नोंदच आलेली नसते. बँकेतला माणूस म्हणतो तहसीलला विचारा. तहसीलवाला म्हणतो आमच्याकडून यादी गेली, बँकेत आधार लिंक आहे का बघा. बँकवाला म्हणतो आधार आहे, पण सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठीची आधारची जोडणी, दुसऱ्याच खात्याला आहे. या फेऱ्यांत रिक्षाचं भाडं जातं, रोजाचं काम बुडतं, आणि शेवटी कुणीतरी सांगतं की एजंटाला गाठा.

माझं म्हणणं लहान आहे. अपात्र माणसाची मदत नाकारायचा, कमी करायचा, बंद करायचा अधिकार सरकारला आहे. तो वापरण्याआधी सरकारनं लेखी कारण द्यावं, समोरच्याचं म्हणणं ऐकावं आणि ऐकून निर्णय होईपर्यंत पैसे चालू ठेवावेत. अपील कुठं करायचं, किती दिवसांत करायचं, या साऱ्या गोष्टी त्यानंतरच्या. ज्याच्यावर अपील करायचं तो आदेशच अस्तित्वात नसेल तर अपिलाचा अधिकार कायद्याच्या पुस्तकातच राहतो.

सोलापुरात हा प्रश्न जास्त बोचतो. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकामागोमाग बंद पडल्या आणि संघटित नोकरी, प्रॉव्हिडंट फंड, निवृत्तिवेतन असलेला कामगार या शहरातून जवळजवळ नाहीसा झाला. राहिले ते यंत्रमाग आणि विड्या. पूर्व भागातल्या घराघरांत बायका आयुष्यभर विड्या वळतात. ज्यांचा फंड नीट भरला गेला त्यांना म्हातारपणी ईपीएस ९५ चं, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाशी जोडलेल्या योजनेचं, निवृत्तिवेतन मिळतं, त्याची किमान रक्कम २०१४ पासून हजार रुपयांवर अडकलेली आहे. ज्यांचा भरला गेला नाही त्यांना श्रावणबाळ ही वृद्धांसाठीची योजना किंवा संजय गांधी. दीड हजारात काही भागत नाही हे खरंच, पण त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या येतात, गॅसची टाकी येते, आणि सुनेपुढे हात पसरावा लागत नाही. याचं मोल बाहेरच्याला चटकन कळत नाही.

पैसे थांबतात ते बहुतेक वेळा कुणी दुष्टपणानं थांबवतो म्हणून नव्हे. हयातीचा दाखला वेळेत गेला नाही. उत्पन्नाचा दाखला जुना झाला. आधारवरची जन्मतारीख आणि मतदार यादीतलं वय जुळेना. आपल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्म आधारच्या लेखी १ जानेवारीलाच झालेला आहे. अनुदान थेट लाभ हस्तांतरणावर गेलं आणि खात्याचं आधार सीडिंग निघालं नाही. जन्मभर तंबाखू-पानात झिजलेल्या बोटांचा ठसा मशीन घेईना. यातला कोणताही दोष दोन दिवसांत दुरुस्त होण्यासारखा आहे. त्यासाठी फक्त दोष कोणता आहे ते त्या बाईला कळायला हवं.

सोलापूरजवळच्या कुंभारीचं उदाहरण घ्या. गोदूताई परुळेकर वसाहतीत आणि नंतर रे नगरात हजारो विडी कामगारांना आणि असंघटित कामगारांना हक्काची घरं मिळाली. रे नगरातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. देशात नाव घ्यावं असं हे काम आहे आणि त्यामागे इथल्या कामगार चळवळीची कित्येक वर्षांची चिकाटी आहे. पण शहरातून कुंभारीला गेलं की माणूस उत्तर सोलापूर तालुक्यातून दक्षिण सोलापूर तालुक्यात जातो. रेशन दुकान बदलतं, तलाठी बदलतो, तहसील बदलते. जुन्या पत्त्यावरची फाइल आपोआप मागे येत नाही. जुन्या तहसीलला बाई 'पत्त्यावर आढळली नाही' आणि नव्या तहसीलला ती कधी यादीत नव्हतीच. दोन्ही कार्यालयं आपापल्या जागी बरोबर असतात आणि पैसे थांबलेले असतात. अशा वेळी अपील कुणाविरुद्ध करायचं?

पूर्वी याला एक बिनकागदी उपाय होता. नगरसेवकाच्या घरी जायचं, तो फोन लावायचा, काम व्हायचं. ती पद्धत न्याय्य होती असं मी म्हणणार नाही, कारण फोन कुणासाठी लागायचा आणि कुणासाठी नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण दार तरी होतं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि बराच काळ प्रशासकाचं राज्य चाललं, तेव्हा तेही दार बंद झालं. संजय गांधी योजनेच्या समितीची तर और कथा. तिचा अध्यक्ष अशासकीय, म्हणजे सत्तेतल्या पक्षाचा कार्यकर्ता. मुंबईत सरकार बदललं की समित्या बरखास्त, नव्या नेमणुका होईपर्यंत अर्ज पडून. मंजुरी ही कृपा असेल तर नामंजुरीचं कारण द्यायची गरज कुणाला वाटणार?

आता जरा अडचणीच्या विषयाकडे येतो. अपील न होण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते अज्ञान नाही. ते भीती आहे, आणि ती भीती सरकारी नियमानंच निर्माण केली आहे.

संजय गांधी योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत लागतं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजार आहे. २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला सत्तावन्न रुपये, आणि तेही सबंध कुटुंबाचे. घरात कुणी रोज शंभर रुपये आणले तरी वर्षाचे साडेछत्तीस हजार होतात आणि अट मोडते. सोलापुरात दिवसाला सत्तावन्न रुपयांत कुटुंब चालत नाही हे तलाठ्याला माहीत आहे, सेतूतल्या मुलाला माहीत आहे, समितीला माहीत आहे, तहसीलदारांना माहीत आहे. तरी २१ हजारांचा दाखला निघतो, कारण त्याशिवाय एकही अर्ज पुढे सरकणार नाही. दयेपोटी सगळे मिळून एक खोटं लिहितात. आणि ज्या दिवशी पैसे बंद होतात त्या दिवशी त्या खोट्याचा भार एकट्या बाईच्या डोक्यावर येतो. तिला कुणीतरी हळूच सांगतं, 'अर्जफाटे करू नको, चौकशी लागली तर आधीचेही वसूल करतील.' ती गप्प बसते.

हक्क मागायला येणाऱ्याचे हात आधी नियमानंच बरबटवून ठेवायचे आणि मग कुणी तक्रार करत नाही म्हणून सगळं सुरळीत आहे असं समजायचं, असा हा प्रकार आहे. राज्य सरकार तीन टेबलांवर गरिबीची तीन मापं वापरतं. संजय गांधीसाठी २१ हजार. शहरी भागात रेशनच्या प्राधान्य कुटुंबासाठी ५९ हजार. लाडक्या बहिणीसाठी अडीच लाख. पहिल्या आणि तिसऱ्या योजनेत महिन्याची रक्कम एकच, दीड हजार. तरुण बहिणीला अडीच लाखांची सूट आणि निराधार विधवेला एकवीस हजारांची, यामागचं गणित मला तरी आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. (दोन्ही पैसे एकदम मिळत नाहीत, संजय गांधीचा लाभ घेणारी लाडक्या बहिणीतून बाद होते.) म्हणून २१ हजारांची अट निदान रेशनच्या मापाला आणून बसवणं ही अपिलाच्या हक्काची पहिली पायरी मी मानतो. विषय वेगळा वाटेल, पण ज्याला आपलं खरं उत्पन्न मोठ्यानं सांगता येत नाही तो सुनावणीत तोंड उघडणार नाही.

लाडकी बहीण योजनेनं हाच प्रश्न लाखांच्या आकड्यात नेला. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी स्वयंघोषणेवर अर्ज धडाधड मंजूर झाले. निवडणूक झाली, सरकार आलं आणि पडताळणी सुरू झाली. जून २०२५ पासून सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थींचा हप्ता तात्पुरता स्थगित केल्याचं महिला व बालविकास मंत्र्यांनी स्वतः जाहीर केलं. त्यात एकाहून अधिक योजनांचे पैसे घेणाऱ्या होत्या, एका घरात दोनपेक्षा जास्त लाभार्थी होत्या, काही अर्ज तर चक्क पुरुषांचे होते. पुरुषानं बहिणीचे पैसे घेतले असतील तर ते थांबवा, वसूल करा, गुन्हाही नोंदवा. माझी हरकत नाही. हरकत पुढच्या वाक्याला आहे. जिल्हाधिकारी पडताळणी करतील आणि ज्या पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल, असंही त्याच वेळी सांगितलं गेलं. याचा सरळ अर्थ, त्या २६ लाखांत पात्र बायकाही असू शकतात हे सरकारला पैसे थांबवताना ठाऊक होतं. शिक्षा आधी, चौकशी मागाहून. पुढे ई-केवायसी आली तेव्हा त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. दोघंही हयात नसलेल्या बायकांनी काय करायचं हे नंतर ठरवावं लागलं, मुदत वाढवावी लागली. निराधार बाई सरकारच्या नजरेत किती उशिरा येते त्याचा हा नमुना. देताना मंडप, हार आणि भाषणं असतात. बंद करताना साधा एसेमेस येत नाही.

रक्कम कमी होण्याचंही तेच. नमो शेतकरी आणि पीएम किसानचे मिळून महिना हजार पडतात म्हणून शेतकरी बहिणीला लाडक्या बहिणीचे पाचशेच. नियम म्हणून हे समजू शकतं. पण मोहोळ किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या बाईच्या नावावर जमीन आहे आणि किसानचा हप्ता मात्र प्रत्यक्षात अडकलेला आहे, तर तिची दोन्हीकडून कपात होते. दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार झालं. ज्याची जुन्या यादीत दिव्यांग म्हणून नोंदच नाही त्याला दीड हजारच येत राहिले तर ते हजार रुपये कशामुळे गेले, हे त्याला कोण सांगणार? कपात हासुद्धा एक आदेश असतो आणि त्याचाही कागद निघायला हवा.

कायदा याबाबतीत मुका आहे असं कुणी समजू नये. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४(१)(घ) वाचा. प्रशासकीय किंवा न्यायिकवत (न्यायालयासारख्या) निर्णयाची कारणं त्याची झळ बसणाऱ्या व्यक्तीला देणं हे सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, अर्ज न करताही. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ सांगतो की अधिसूचित सेवा नाकारायची तर कारण लेखी नोंदवा, अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं तेही कळवा. उत्पन्नाचा दाखला या कायद्याखाली येतो, म्हणजे सगळ्या अनुदानांचं मूळ असलेला कागद तरी याच्या कक्षेत आहे. त्याच्याही मागे जायचं तर १९६७ चा बीणापाणी देई खटला आहे. ओरिसातल्या या सरकारी डॉक्टरची जन्मतारीख सरकारनं परस्पर बदलली आणि त्या आधारे तिला निवृत्त केलं. ज्या प्रशासकीय आदेशाचे नागरिकाच्या हक्कांवर परिणाम होतात तो नैसर्गिक न्यायाला धरूनच, म्हणजे समोरच्याचं म्हणणं ऐकूनच, काढावा लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलं. वयाच्या आकड्यावरून श्रावणबाळ नाकारलेल्या आजोबांचा आणि त्या डॉक्टरबाईंचा मुद्दा मुळात एकच आहे. २८ नोव्हेंबर २००१ ला अन्न अधिकाराच्या खटल्यात न्यायालयानं वृद्धापकाळ निवृत्तिवेतनासह आठ योजना कायदेशीर हक्क म्हणून मानल्या आणि निवृत्तिवेतन महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायला सांगितलं. कृपेचा जमाना कागदोपत्री तेव्हाच संपला.

या विषयातला सगळ्यात स्पष्ट निकाल मात्र बाहेरचा आहे. २३ मार्च १९७० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गोल्डबर्ग विरुद्ध केली या खटल्यात ठरवलं की सार्वजनिक मदत बंद करण्याआधी लाभार्थीला प्रत्यक्ष सुनावणी द्यायलाच हवी. बंद करून मग ऐकू, हे चालणार नाही. न्यायमूर्ती ब्रेनन यांचा तर्क साधा होता. ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याची मदत निर्णयाआधी तोडली तर पोटाच्या मागे धावताना त्याला सरकारशी भांडायचं त्राणच राहत नाही. मजा अशी की न्यूयॉर्क शहर त्या वेळी सात दिवसांची कारणासह नोटीस देत होतं, वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी म्हणणं मांडू देत होतं आणि मदत बंद झाल्यावर रीतसर सुनावणीही होती. न्यायालयाला हे अपुरं वाटलं. पंचावन्न वर्षांपूर्वी जे तिकडे अपुरं ठरलं ते उद्या उत्तर सोलापूरच्या तहसीलमध्ये लागू झालं तरी मी पेढे वाटीन. त्या निकालानंतर तिकडे नियम झाला की नोटिशीच्या मुदतीत सुनावणी मागितली तर निर्णय लागेपर्यंत मदत चालू राहते.

निकाल पाच विरुद्ध तीन असा होता, आणि विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्लॅक यांचा आक्षेप आजही विचारात घ्यावा असा आहे. त्यांचं म्हणणं, बंद करणं अवघड केलंत तर सरकार मुळात द्यायलाच कचरेल. पूर्ण छाननी झाल्याशिवाय कुणाचं नाव यादीत घेणार नाही आणि गरजू माणूस दारातच ताटकळेल. अमेरिकेत तसं किती झालं यावर तिथले लोक वाद घालोत. आपल्याकडे संजय गांधीच्या अर्जाला रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याची चौकशी आणि वर समिती, एवढं सगळं आधीच लागतं. यादीत शिरण्याचं दार आधीपासूनच चिंचोळं आहे. बाहेर काढण्याचं दार तेवढं सताड उघडं ठेवण्यात कसला समतोल आहे?

दुसरा आक्षेप बोगस लाभार्थींचा. तो खरा आहे. बंगलेवाल्याच्या आईचं नाव श्रावणबाळ यादीत असतं, मयताच्या नावानं पैसे निघत राहतात, नोकरदार मुलाबरोबर राहणारा बाप निराधार म्हणून मिरवतो. गल्लीतल्या सगळ्यांना हे दिसतं आणि त्याची चीड खऱ्या निराधारांना सगळ्यात जास्त असते. पण नोटीस आणि सुनावणीनं बोगस माणूस वाचत नाही. खोटा माणूस नोटीस आल्यावर सहसा फिरकतच नाही. सुनावणीला जो येतो त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असतं. सरसकट मशीननं नावं उडवली की खोट्याच्या जोडीला खराही जातो, आणि खोट्याकडे ओळखी असतात म्हणून तो महिन्याभरात परत येतो, खरा येत नाही. यादी साफ झाली असं वाटतं, प्रत्यक्षात ती आणखी बिघडलेली असते.

तिसरा आक्षेप माणूसबळाचा. तहसीलदारांकडे आधीच निवडणुका, पंचनामे, दुष्काळ, वाळू, शिवाय मंत्र्यांचे दौरे. मान्य. पण चूक नंतर निस्तरायलाही माणसंच लागतात. मोर्च्यांची नेहमीची जागा असलेल्या पूनम गेटसमोर मोर्चा आला की त्याच तहसीलदारांचा अख्खा दिवस निवेदनं घेण्यात जातो, आणि निवेदनाचं उत्तर कुणी देत नाही. वेळ जातोच, तो मोर्चाच्या बंदोबस्तात घालवायचा की पंधरवड्यातल्या एका ठरलेल्या सुनावणीत, एवढाच प्रश्न आहे. सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे. एक टेबल, नाव पुकारणारा शिपाई, फाइल आणि एका पानाचा निकाल. फेरफाराच्या तक्रारीत मंडळ अधिकारी हेच करत असतो.

निर्णयापर्यंत पैसे चालू ठेवण्याबद्दल वित्त विभागाच्या पोटात दुखेल, म्हणून हिशेब मांडतो. तीन महिन्यांत प्रकरण निकाली निघालं आणि बाई अपात्र ठरली तर सरकारचे साडेचार हजार रुपये जातात. ती पात्र असताना तीन महिने पैसे थांबले तर तिचे साडेचार हजार जातात. पहिला तोटा सरकारच्या हिशेबात दिसणारही नाही. दुसऱ्या तोट्यात सावकाराचं किंवा बचत गटाचं व्याज येतं, गोळ्या बंद होतात, आणि कधी दवाखान्यात भरती व्हावं लागतं. चूक कुणाच्या तरी अंगावर जाणारच असेल तर ज्याला झेपते त्याच्या अंगावर जावी.

रेशनच्या बाबतीत कायदा याहून बरा आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या कलम १५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी असतो आणि त्याच्या निर्णयावर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येतं. अंत्योदयाचं ३५ किलो किंवा प्राधान्य कुटुंबाचं माणशी ५ किलो धान्य अडलं तर या अधिकाऱ्याकडे लेखी जाता येतं. आधार नाही किंवा जोडलेला नाही म्हणून यादीतून नाव काढू नये, असं केंद्रानं २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्रात राज्यांना कळवलेलं आहे. झारखंडमध्ये एक लहान मुलगी उपाशी मेल्याची बातमी देशभर गाजली, त्यानंतर हे पत्र निघालं. सोलापुरात रेशन दुकानाबाहेर दर, साठा, वेळ लिहिलेला फलक असतो. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता त्यावर ठळक लिहिला तर छापाईचा खर्च तो किती येणार?

शासन बदलेल तेव्हा बदलेल, तोवर ज्यांचे पैसे आज थांबलेत त्यांनी काय करायचं हेही सांगायला हवं. तोंडी विचारपूस थांबवा. साध्या कागदावर 'माझं अनुदान अमुक महिन्यापासून बंद आहे, कारण लेखी कळवावं' असं लिहा, दोन प्रती करा, आवक-जावक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. त्या एका शिक्क्यानं तुमचं प्रकरण अस्तित्वात येतं. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात आपल्याच फाइलची स्थिती आणि कारण विचारा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नसतं. तालुक्याच्या लोकशाही दिनात काम झालं नाही तर जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात असतो, त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना, दिव्यांगांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जायचं. एजंटाला दोन हजार देण्याआधी हा रस्ता बघावा.

हे लिहिताना मला एका गोष्टीची लाज वाटते, कारण एवढा खटाटोप करायला सांगतोय ते सत्तरीच्या बाईला. आवक क्रमांक, कलम, लोकशाही दिन हे शब्द मराठी शिकलेल्यालाही जड जातात. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोललं जातं, अक्कलकोटकडे कन्नड, शहराच्या मोठ्या भागात उर्दू. मराठीतला फॉर्म भरून देणारा शेजारचा कॉलेजचा मुलगा किंवा युनियनचा कार्यकर्ता नसेल तर सगळं तिथंच अडतं. म्हणून नोटीस नुसती पाठवून भागणार नाही, ती वाचून दाखवायला हवी. अंगणवाडी सेविका, आशा, तलाठी, रेशन दुकानदार यांच्यापैकी कुणीतरी त्या गल्लीत रोज असतंच, आणि त्यांना तिथली भाषा येते.

याची सुरुवात करायला सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना मुंबईच्या शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. निर्णयाची कारणं देण्याचं कर्तव्य माहिती अधिकारानं २००५ पासूनच सांगितलेलं आहे. अनुदानाची यादी दरमहा कॉम्प्युटरवर तयार होते. मागच्या महिन्यात होती आणि या महिन्यात नाहीत, अशी नावं वेगळी काढायला एका क्लार्कला अर्धा दिवस पुरेल. ती फलकावर लावू नका. निराधारांची नावं चौकात टांगणं बरं दिसत नाही. प्रत्येक नावापुढे कारणाची एक ओळ, दुरुस्तीसाठी कोणता कागद आणायचा त्याची एक ओळ, आणि पटत नसेल तर कुणाकडे कोणत्या वारी यायचं त्याची एक ओळ लिहून ती चिठ्ठी गावात कोतवालाकरवी आणि शहरात तलाठ्याकरवी घरी पोचवा. ती पोचल्याची सही किंवा अंगठा फाइलला लागेपर्यंत त्या बाईचं नाव यादीतून काढू नका.